निवडुंगावरचा पांढरा कापूस: आधी ओळखा, मग पुसा

काट्यांच्या बुडाशी दिसणारी पांढरी लव बऱ्याच निवडुंगांची स्वतःचीच असते, तेव्हा घाबरू नका. टूथपिकने टोकरून बघा. चिकट ओल आली तर पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारा पांढरा किडा) समजा आणि कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

- ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक किडा टिपा. संध्याकाळीच, उन्हात साल भाजते.
- दर ७ दिवसांनी, किमान ३ वेळा. पहिल्या फेरीत अंडी तशीच राहून जातात, आणि नवखे नेमके तिथेच थांबतात.

तरी परत आलाच, तर झाड काढून मुळं बघा. तिथेही पांढरी पूड असेल तर जुनी माती टाका, मुळं धुऊन ३-४ दिवस सावलीत सुकवा, कोरड्या मातीत लावा. मग आठवडाभर पाणी नाही, कितीही हात शिवशिवले तरी!