दुःखात ज्ञानेश्वरी हाती घेताना

मन सैरभैर असताना लगेच सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प करू नका. ओव्या नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे रोज तेराशेच्या घरात. तिसऱ्या दिवशी घसा बसतो, नजर नुसती पुढे पळते आणि एक दिवस चुकला की त्याचीच धास्ती घेऊन बसायला होतं.

सुरुवात बाराव्या अध्यायापासून करा. तो लहान, 247 ओव्यांचा. रोज वीस घेतल्या तर तेरा दिवस पुरतो. प्रत सार्थच घ्या. आधी ओवी मोठ्याने म्हणा, मग अर्थ वाचा, मग तीच ओवी पुन्हा म्हणा. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असतं, चौथा आखूड. ‘आद्या, वेदप्रतिपाद्या, स्वसंवेद्या’ आणि मग शांतपणे ‘आत्मरूपा’. त्या आखूड चरणावर थांबायचं, पूर्ण श्वास घ्यायचा. घाईत हाच विसावा निसटतो, आणि खरं तर तोच हवा असतो.

नंतर पहिला अध्याय. अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, हातातून गांडीव गळतं. देव त्याला तिथून हाकलत नाहीत, सगळं ऐकून घेतात. तुमचंही रडू आलं तर पोथी मिटू नका, थोडं थांबा.

पान उघडून कौल मात्र लावू नका. भलतीच ओवी निघाली की भीती वाढते. झोप, जेवण तुटलं असेल तर वाचन चालू ठेवून डॉक्टरांनाही गाठा.