चढावर बंद पडणारी, घरी मोटर बसवलेली सायकल
प्रश्न असा आहे की, घरी ३६ व्होल्टची हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी विजेची मोटर) बसवलेली आणि रोज कामावर नेली जाणारी सायकल काही महिन्यांनी चढावर मध्येच बंद पडते. तर काय करावे?

मोटर उघडण्याआधी बॅटरी तपासावी. १० सेल मालिकेत जोडलेली अशी लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे ४२ व्होल्ट दाखवते. परंतु चढावर मोटर जास्त प्रवाह ओढते, तेव्हा एखादा सेल कमजोर किंवा कनेक्टर सैल असल्यास व्होल्टेज एकदम घसरते आणि बॅटरीतील संरक्षक सर्किट किंवा कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) पुरवठा तोडतो. म्हणून मोजणी उभ्या सायकलवर न करता मोटरवर भार असतानाच करावी, आणि चढ संपताच कनेक्टर गरम झाला आहे का, हे पाहावे.

आसाच्या नटांबाबत मात्र मी आग्रही आहे. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा आसाला उलट दिशेने तितकाच पीळ बसतो. टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून तो फ्रेमला धरून ठेवणारी धातूची पट्टी) नसेल तर आस फ्रेमच्या खाचेत फिरून मोटरची वायर तुटू शकते, आणि पुढच्या चाकात मोटर असेल तर चाकच निसटण्याचा धोका असतो. नट दर आठवड्याला तपासावेत. स्पोकचा ताण, ब्रेक आणि टायरमधील हवाही त्याच वेळी पाहावी.