बॅलड म्हणजे पोवाडा? थांबा जरा भाऊ

प्रश्न असा आलाय की गाण्यांच्या एका प्रोग्रामचं निवेदन लिहून राहिलोय, त्यात अडेल या इंग्लिश गायिकेचं 'समवन लाइक यू' आहे, तर हार्टब्रेक बॅलडला मराठीत काय म्हणू, डिक्शनरीत पोवाडा दिलाय, आणि 'ती बॅलड' का 'ते बॅलड'?

पहिले तर तो पोवाडा काढा. नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात 'आता ऐकू या अडेलचा पोवाडा' म्हटलं की मागच्या रांगेतून कोणीतरी 'जी जी रं जी' ओढणारच.

तसं डिक्शनरीचंही चुकलेलं नाही. बॅलड हा शब्द नाचणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलाय, बॅलेही तिथलाच. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडकडे त्याचा अर्थ झाला गोष्ट सांगणारं लोकगीत, कोणाची लढाई, कोणाचा खून असं. म्हणून अ‍ॅक्वर्थ नावाच्या इंग्रज साहेबानं शंकर तुकाराम शाळिग्रामांसोबत आपले पोवाडे गोळा करून छापले आणि 1894 मध्ये त्यातल्या काहींचा इंग्रजी तर्जुमा काढला तेव्हा नाव दिलं 'बॅलड्स ऑफ द मराठाज'. त्या अर्थानं जोडी बरोबर बसते. पण पॉपवाले बॅलड म्हणतात ते संथ चालीच्या, मनातलं सांगणाऱ्या गाण्याला. 2011 चं हे गाणं तर नुसता पियानो आणि आवाज, डफ-तुणतुण्याचा काय संबंध?

मग विरहगीत? बरेच जण तेच लिहितात, मला नाही पटत. विरहात माणूस लांब असतो पण आपला असतो, भेटीची आस असते, ज्ञानेश्वरांच्या विराण्या, म्हणजे विरहाचे अभंग, बघा ना. अडेलच्या गाण्यात तर त्या जुन्या प्रियकराचं लग्नही होऊन गेलं, ही न बोलावता त्याच्या दारात उभी. हा सरळ प्रेमभंग आहे. (हृदयभंग नका लिहू बाप्पा, हार्टच्या डॉक्टरचा रिपोर्ट वाटतो.)

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं भावगीत. अरुण दात्यांचं 'भातुकलीच्या खेळामधली' घ्या, पाडगांवकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल. राजा-राणीची ताटातूट म्हणजे गोष्टही आहे आणि चाल संथ, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही अर्थांनी बॅलडच झालं की! फक्त भावगीत म्हटलं की आपल्या लोकांना पेटी-तबला ऐकू येतो, म्हणून अडेलला तो शब्द थोडा ढिला होतो.

मी असतो तर 'प्रेमभंगाचं गाणं' लिहिलं असतं, आणि पब्लिक कॉलेजचं असेल तर बॅलडच ठेवलं असतं, त्यांना कळते. पानठेल्यावर तर सगळ्यालाच 'दर्दवाले गाणे' म्हणतात, पण स्टेजवर ते जरा हलकं वाटंल.

लिंगाचं म्हणाल तर 'ते बॅलड', गाणं-गीत नपुंसकलिंगी म्हणून. 'ती बॅलड'ही कानावर येते, बहुतेक गझल-कव्वालीच्या वळणानं, पण निवेदनात एकदा 'ते' धरलं की शेवटपर्यंत 'ते'च ठेवा.