फॉर्ममध्ये एक रकाना कमी आहे

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. केमो चालू असलेल्या मुलांसाठी संगीत, मालिश, ॲक्युप्रेशर आणि योग, चारही एकाच अभ्यासात? मूल सुधारलं तर कशाने, हे कसं सांगशील? एकच घे. मी तुझ्या जागी असते तर मळमळ आणि ॲक्युप्रेशर घेतलं असतं.

मळमळीसाठी दाबतात तो मनगटाचा बिंदू तुला ठाऊक आहेच, घडीपासून तीन बोटं वर. बोटं मुलाची मोजायची, आपली नव्हे; चार वर्षांच्या पोराच्या हातावर तुझी तीन बोटं भलतीकडेच नेतील. मोठ्यांमध्ये ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर त्याचा उपयोग दिसलाय. पण चिल्ड्रेन्स ऑन्कोलॉजी ग्रुप या मुलांच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या गटाच्या, २०१८ साली छापलेल्या चाचणीत, जोरदार मळमळ आणणारी केमो घेणाऱ्या मुलांपैकी काहींना तो बिंदू दाबणारे खरे, काहींना न दाबणारे खोटे मनगटपट्टे बांधले आणि मळमळीत फरक पडला नाही. हिरमुसू नकोस. खोटा पट्टा बांधता येतो म्हणून तर हे कळलं. संगीताचा खोटा पट्टा कुठून आणणार?

पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी कर. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती लागते, त्यापुढे लेखी. आईबापांची सही झाली तरी मूल नको म्हणालं की नको.

आता माझी चूक. ल्युकेमियाच्या एका मुलाची आई स्टीलच्या डब्यातून गुळवेलीचा काढा आणायची. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवशी डबा दिसला नाही, मी खूश. पुढे मुलाचे लिव्हरचे आकडे चढले. त्याचं केमोचं औषध मेथोट्रेक्सेट लिव्हरवर ताण टाकतंच, म्हणून आम्ही तेच थांबवून बसलो. आठवड्याने मावशींनी सांगितलं, आई त्याला बाथरूमपाशी नेऊन काढा पाजते. काढ्यानेच झालं की नाही, आजही सांगता येणार नाही. (गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या, हे त्यानंतरचं.) औषध थांबलं ते मात्र माझ्या तोंडामुळे.

तेव्हा 'आयुर्वेदिक काही देता का?' असं विचारू नकोस, 'नाही' हेच उत्तर येतं. 'घरचं काय काय देताय?' असं विचार, स्टुलावर बसून, पेन खिशात ठेवून. अंगारा, हळदीचं दूध, गावच्या वैद्याची पुडी, सगळं बाहेर येईल. नंतर लिही.

तुझ्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. तो घालून पाठव. शुक्रवारी ओपीडीनंतर मी मोकळी आहे.