मेल सर्व्हर पडला म्हणजे नेमके काय पडले?

प्रश्न : आमच्या सूत व्यापाराच्या पेढीत पंचवीस जणांसाठी स्वतःचा मेल सर्व्हर आहे. लिनक्सवर मेलची ने-आण करण्यासाठी पोस्टफिक्स, आलेले मेल वापरणाऱ्यांना दाखवण्यासाठी डोव्हकॉट आणि व्हायरस तपासणीसाठी क्लॅमएव्ही अशी मांडणी असून मशीनची मेमरी २ जीबी आहे. गेले दोन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेरून मेल येणे अचानक बंद होते. मशीन रीस्टार्ट केले की सगळे सुरळीत होते, म्हणून रोज रात्री ३ वाजता ते आपोआप रीस्टार्ट व्हावे अशी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप करणाऱ्या सोयीत) नोंद केली. तरी त्रास थांबला नाही. मेल लॉगमध्ये ‘मिल्टर-रिजेक्ट’ आणि ‘४.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल, ट्राय अगेन लेटर’ अशा ओळी दिसतात. पोस्टफिक्स काढून पुन्हा बसवावे का? मधल्या काळातले मेल बुडाले असे समजावे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पोस्टफिक्सला हात लावू नये. आपण पाठवलेली ओळ पोस्टफिक्सनेच लिहिलेली आहे, आणि बंद पडलेला प्रोग्राम लॉगमध्ये ओळी लिहीत नाही. ‘माझ्याकडे मेल आला, तो मी तपासणीसाठी पुढे दिला, पण तपासणाऱ्याने उत्तर दिले नाही, म्हणून पाठवणाऱ्याला नंतर या असे सांगितले’ एवढाच त्या ओळीचा अर्थ आहे. तिच्यातला ‘मिल्टर’ म्हणजे पोस्टफिक्स आणि तपासणारा यांना जोडणारा दुवा. पोस्टफिक्स हा एकच मोठा प्रोग्राम नाही. मेल स्वीकारणारी, रांग सांभाळणारी, बाहेर पाठवणारी अशी अनेक छोटी प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) ‘मास्टर’ या एका प्रोसेसच्या देखरेखीखाली चालतात. त्यांपैकी एखादी मेली तर ती कोणत्या सिग्नलने, म्हणजे थांबण्याच्या कोणत्या क्रमांकाच्या इशाऱ्याने, मेली हे मास्टर लॉगमध्ये नोंदवतो आणि गरजेनुसार दुसरी उभी करतो. तशी एकही नोंद आपल्या पत्रात नाही.

माझा संशय क्लॅमएव्हीच्या ‘क्लॅमडी’ या प्रोसेसवर आहे. व्हायरसच्या खुणांचा पूर्ण साठा मेमरीत घेतला की ती एकटीच १ जीबीहून अधिक जागा व्यापते. त्यात २०२० साली आलेल्या ०.१०३ या आवृत्तीपासून असा बदल झाला की नव्या खुणा उतरल्यावर जुना साठा चालू ठेवूनच नवा साठा शेजारी भरला जातो. तपासणी क्षणभरही थांबू नये हा त्यामागचा हेतू, आणि मोठ्या यंत्रावर तो योग्यच आहे. २ जीबीच्या मशीनवर मात्र त्या काही क्षणांत मेमरीची गरज जवळजवळ दुप्पट होते, आणि लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, उरलेली व्यवस्था वाचवण्यासाठी एका प्रोसेसचा बळी देते. सर्वाधिक मेमरी धरून बसलेली प्रोसेस बहुधा हीच असल्यामुळे बळीही तिचाच जातो. खुणा दिवसा केव्हाही येऊ शकतात, त्यामुळे रात्रीच्या रीस्टार्टचा या दुखण्यावर काही उपयोग नाही.

उलट त्या रीस्टार्टने नुकसानच होत आहे. जर्नल, म्हणजे लिनक्सची नोंदवही, डिस्कवर साठवण्याची सोय केलेली नसेल, तर कर्नलचा लॉग मशीन बंद होताच पुसला जातो आणि पुरावा हातचा जातो. म्हणून क्रॉनमधली ती नोंद आधी काढावी आणि जर्नल डिस्कवर राहील अशी व्यवस्था करावी. पुढच्या वेळी मेल थांबले की काहीही सुरू किंवा बंद करण्यापूर्वी कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ हे शब्द शोधावेत. त्यांच्यापुढे कंसात ‘क्लॅमडी’ हे नाव सापडले, तर निदान पक्के झाले. ते सापडले नाही, तर माझा तर्क चुकीचा समजून मला त्या दहा मिनिटांचा पूर्ण लॉग पाठवावा. दोन्ही परिस्थितींत पुन्हा इन्स्टॉल करण्याची वेळ आलेली नाही.

निदान पक्के झाल्यास क्लॅमडीच्या सेटिंग फाइलमध्ये ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ हा पर्याय ‘नो’ करावा. मग जुना साठा सोडल्यावरच नवा भरला जाईल आणि तेवढा वेळ तपासणी थांबेल. मिल्टरच्या उत्तरासाठी पोस्टफिक्स मूळ मांडणीत ३०० सेकंद थांबण्यास तयार असते, त्यामुळे पंचवीस जणांच्या पेढीत हा खोळंबा कोणाच्या लक्षातही येणार नाही. मेमरी ४ जीबी करणे हा खरा टिकाऊ उपाय आहे आणि तो लवकर करावा. स्वॅप (मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) वाढवून काही आठवडे निभेल, पण त्यावर विसंबू नये.

तपासणारा बंद असेल तर मेल न तपासताच आत घ्यावा, अशीही मांडणी करता येते. तसा सल्ला आपल्याला कोणी दिला तर कृपया मानू नये. बिले आणि कोटेशन जोडून येणाऱ्या मेलवर ज्या पेढीचा व्यवहार चालतो, तिथे एक तास उशीर परवडतो, पण एक तास दार उघडे ठेवणे परवडत नाही. शिवाय मेल बुडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. चारने सुरू होणारा नकार हा तात्पुरता असतो, आणि पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो मेल आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. समोर पोस्टफिक्सच असेल तर मूळ मांडणीत तो ५ दिवस प्रयत्न सोडत नाही.

मेल सर्व्हर धडधाकट आणि तपासणारा आडवा, हा प्रकार मोठ्या यंत्रणांनाही चुकलेला नाही. १ जानेवारी २०२२ रोजी जगभरातील मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या मेल सर्व्हरांवर मेल रांगेत अडकून पडले. मायक्रोसॉफ्टच्या व्हायरस तपासणीच्या खुणांना तारखेवरून क्रमांक दिला जात असे. त्या दिवशीचा क्रमांक २२०१०१०००१ झाला, आणि तो ज्या जागेत ठेवायचा तिथे जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढाच आकडा मावत होता. तपासणारे इंजिन कोसळले आणि मेल जागच्या जागी थांबले. दुरुस्तीनंतर आलेल्या खुणांचा क्रमांक होता २११२३३०००१, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरची ३३ तारीख. त्या सकाळी ज्यांनी एक्स्चेंजच पुन्हा बसवण्याचा घाट घातला असेल, त्यांच्या हाती काहीच लागले नसेल.

प्रश्न : डोव्हकॉटवर आमच्या एकाच सहकाऱ्याचा इनबॉक्स उघडत नाही. लॉगमध्ये ‘पॅनिक’ आणि ‘किल्ड विथ सिग्नल ६’ असे येते. मेल मेलडिर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल करून, साठवलेले आहेत. डोव्हकॉट नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली पुसाव्यात असे एकाने सुचवले आहे. तसे करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळ्या पुसू नयेत. वरच्या उत्तरात कर्नल ज्या सिग्नलने प्रोसेस मारते तो ९. आपला ६ हा प्रोग्रामने स्वतःच स्वतःला थांबवल्याचा आहे. वाचलेल्या माहितीत असंभव वाटणारी विसंगती आढळली की डोव्हकॉट पुढे जाऊन मेल बिघडवण्यापेक्षा थांबणे पसंत करते. मेलडिरमध्ये ‘डोव्हकॉट.इंडेक्स’ने सुरू होणाऱ्या फाइली मेलवरून पुन्हा तयार होतात. त्या सहकाऱ्याचे सेशन बंद करून या फाइली, न पुसता, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. प्रत्येक मेलला दिलेल्या क्रमांकांची यादी असलेली ‘डोव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ जागेवरच राहू द्यावी. ती गेली तर त्याच्या संगणकावर आणि फोनवर सगळा इनबॉक्स नव्याने उतरू लागेल. ‘डोव्हकॉट-कीवर्ड्स’मध्ये मेलला लावलेल्या लेबलांची नावे असतात, तिलाही धक्का लावू नये. साठवण एमडीबॉक्स पद्धतीची (एका फाइलमध्ये अनेक मेल) असती तर मी इंडेक्सलाही हात लावू दिला नसता, कारण कोणता मेल कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे तिथे इंडेक्समध्येच असते.

फाइली हलवल्यावरही पॅनिक येत राहिले, तर तो प्रोग्राममधलाच दोष आहे. डोव्हकॉटची आवृत्ती अद्ययावत करून पाहावी. तरीही तेच घडले, तर पॅनिकची पूर्ण ओळ, तिच्याखालचा बॅकट्रेस (प्रोग्राम कोणत्या टप्प्यांतून तिथवर आला त्याची यादी) आणि आवृत्ती क्रमांक विकासकांकडे पाठवावा. हलवून ठेवलेल्या जुन्या इंडेक्स फाइली तोवर जपून ठेवाव्यात, कारण दोष शोधणाऱ्याला त्याच लागतील.