नाटकवाल्यांत इतके डॉक्टर कसे?

प्रिय चिऊ,

मंडळाचं नाटक बघून येताना तू विचारलंस, "आई, मराठी नाटकवाल्यांत इतके डॉक्टर कसे? मेडिकलला नाटक कंपल्सरी असतं का?" तेव्हा हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खरा आहे, आणि तुझ्या नेपथ्याच्या कोर्सशी त्याचा संबंधही आहे.

श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. हुशार पोरानं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं हे घरोघरी ठरलेलं. नाटकावर, त्यातून प्रायोगिक नाटकावर, चूल पेटत नसे. "आधी डिग्री हातात घे, मग काय नाचायचं ते नाच," हे तुझ्या आजोबांचंही पालुपद. गंमत म्हणजे नाटकाची चटक लागायची ती कॉलेजातच. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजा-कॉलेजांतल्या स्पर्धेच्या, एकांकिका होतात. ऐन पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात पोरं घसा फोडून ओरडतात, "अरे आव्वाज कुणाचा?" मी आमच्या कॉलेजचं म्युझिक ऑपरेट करायचे. कॅसेट पेन्सिलीनं फिरवून नेमक्या जागी आणायची आणि अंधारात बटणावर बोट ठेवून वाक्याची वाट बघायची.

लागूंनी पुण्यात, पुढे टांझानियात प्रॅक्टिस केली आणि १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. आगाशेंनी दोन्ही सांभाळलं. यावरून लोक म्हणतात, बघा, डिग्री घेऊनही जमतंच की! मला नाही पटत. ज्यांना जमलं त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक. आमच्या एकांकिकेचा हिरो आज बँकांची सॉफ्टवेअरं करतो. मजेत आहे, पण नाटक बघायलासुद्धा जात नाही.

म्हणून आजोबांना नावं ठेवू नकोस. एका पगारावर सहा माणसं, त्यांची भीती पोटाची होती. तुझ्या बाबांची तशी नाही. पॉटलकच्या जेवणात कुणी "मुलगी काय शिकते?" विचारलं तर काय सांगायचं, एवढीच आहे. (हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.)

तेव्हा नेपथ्याच्या कोर्सचा अर्ज भर. फीचं आम्ही बघू, स्कॉलरशिपचं तू बघ. बाबांशी मी बोलेन, पण बेसमेंटमधलं ते पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन त्यांच्यासमोर तूच बस. नुसतं "मला आवडतं" म्हणू नकोस. जिना कशावर उभा आहे, ब्लॅकआउटमध्ये तो दोघांत कसा हलवायचा, ते दाखव. असलं त्यांना कळतं, आणि मग ते तासभर उठत नाहीत.

तुझी,
आई