कोंबडी ‘खुडूक’ की ‘उबवणीत’?

मुळशी तालुक्यातील एका बचत गटासाठी परसातील कुक्कुटपालनाचे माहितीपत्रक तयार करणाऱ्या वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘जानेवारीत अकाली उबवणीत गेलेल्या कोंबड्यांचे व्यवस्थापन’ हे शीर्षक बरोबर आहे का, आणि गावात सर्रास वापरला जाणारा ‘खुडूक’ हा शब्द छापील मजकुरात चालेल का.

‘खुडूक’ चालेल, एवढेच नव्हे तर येथे तोच हवा. ‘उबवणी’ ही अंड्यांची असते, मग ती कोंबडीखाली होवो वा यंत्रात. म्हणूनच पुण्यातील खडकीच्या शासकीय केंद्राच्या नावात ‘अंडी उबवणी’ असे शब्द आहेत, तेथे ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान राखून एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात आणि त्यासाठी कोंबडीला बसावे लागत नाही. ‘खुडूक’ ही मात्र कोंबडीची, अंडी उबवायला बसण्याची ओढ लागल्याची अवस्था आहे. तिच्याखाली एकही अंडे नसले तरी ती खुडूक असू शकते: पिसे फुलवून रिकाम्या डालग्यात दिवसभर चिकटून बसते, हात पुढे केला की घशातून गुरगुरत चोच मारते, आणि दिवसातून एखाद्या वेळी उठून घाईने दाणे टिपते, पाणी पिते व नेहमीपेक्षा मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून पुन्हा जागेवर जाते. शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्यामुळे तिचे अंडी घालणे थांबलेले असते. अशा कोंबडीला ‘उबवणीत गेलेली’ म्हटले, तर वाचणारी बाई खाली अंडी आहेत असे धरून चालेल आणि पुढचा सगळा सल्ला तिला उलटा लागू होईल.

क्रियापदांबाबत म्हणायचे तर ‘खुडूक झाली’ यात अवस्थेची सुरुवात आहे आणि ‘खुडूक बसली आहे’ यात ती टिकून असणे आहे. दोन्ही रूढ आहेत. हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ‘खुडूक कोंबड्या’ असेच लिहावे. ‘खुडूकपणा’ लिहिताना ‘डू’ दीर्घच ठेवावा, जसा ‘माणूसपण’मध्ये ‘णू’ राहतो. कोकणाकडे ‘रवणाला बसणे’ असेही म्हणतात, पण मुळशीच्या पत्रकात ते आणण्याचे कारण नाही.

माझा खरा आक्षेप ‘अकाली’ला आहे. मृत्यू, वार्धक्य यांच्यासोबत वावरून या शब्दाला अनिष्टाची छटा आली आहे. डिसेंबरच्या शेवटापासून दिवस वाढू लागतो आणि वाढत्या उजेडाबरोबर कोंबड्यांचा अंडी घालण्याचा व खुडूक होण्याचा काळ सुरू होतो, त्यामुळे गावठी कोंबडी जानेवारी-फेब्रुवारीत खुडूक झाली तर त्यात आजार किंवा अशुभ असे काही नाही. उलट पुण्याच्या हवेत माघात निघालेली पिल्ले चैत्र-वैशाखाच्या उन्हापूर्वी पिसांनी भरतात, हा त्या वेळेचा फायदाच म्हणायला हवा. ‘वर्षाच्या सुरुवातीलाच’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

पत्रकातील सल्लाही याच फरकाने दोन वाटांनी जावा. पिल्ले हवी असतील आणि कळपात कोंबडा असेल, तर कोंबडी दोन दिवस जागा सोडत नाही याची खात्री करून तिला रात्री, अंधारात, शांत खुराड्यातील अंड्यांवर बसवावे. अंडी आठवड्याच्या आतली असावीत. दहा-बारा अंडी सहज मावणाऱ्या कोंबडीखालीही थंडीत दोन-तीन कमी ठेवणे बरे, कारण कडेची अंडी पहाटेच्या गारठ्यात निवतात. सातव्या दिवसानंतर विजेरीच्या प्रकाशात पाहून न फळलेली अंडी काढून टाकावीत.

पिल्ले नको असतील, तर जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालून हवा खेळली आणि बसायला ऊबदार कोपरा उरला नाही की खुडूकपणा बहुधा जातो. रोजची अंडी वेळच्या वेळी उचलणे हा त्याआधीचा उपाय. कोंबडीला पाण्यात बुचकळणे किंवा नाकपुडीतून पीस ओवणे हे प्रकार अजून कानावर येतात. दुसरा निव्वळ छळ आहे आणि पहिला जानेवारीच्या थंडीत जिवावर बेतू शकतो, म्हणून ‘हे करू नये’ असे पत्रकात स्पष्ट छापावे. ‘टाळणे इष्ट’ असे गुळमुळीत लिहू नये.

‘व्यवस्थापन’ हा शब्द अहवालात शोभतो. बचत गटातील बायकांना तो परका वाटेल. शीर्षक मी असे करीन: ‘जानेवारीतच कोंबडी खुडूक बसली, तर काय करावे?’